चतुर आणि चिचुंद्री

व्हिसा आला त्या आठवड्यात मी गावी होते. पाऊस सरत आला होता आणि संध्याकाळी खळ्यावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालत होते. आईला अजून काही सांगितलं नव्हतं.

हा चतुर म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स. लांबी पाचेक सेंटिमीटर, वजन ग्रॅमहूनही कमी. पावसाळा संपला की तो समुद्रावर निघतो, मालदीववरून थेट पूर्व आफ्रिकेकडे. मालदीवच्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, मग दरवर्षी एवढे चतुर येतात कुठून, असा प्रश्न तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला पडला. २००९ मध्ये त्याने हा प्रवास जगापुढे मांडला. यातली मादी डबक्यात अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लांची आणि आईची गाठ पडत नाही.

मला हे फार सोयीचं वाटलं. आईला हेच सांगायचं ठरवलं : जाणं निसर्गातच आहे.

रात्री मोरीत खुडबुड झाली. मोबाइलचा टॉर्च मारला तर भिंतीच्या कडेने चिचुंद्री चाललेली. मागे तीन पिल्लं, प्रत्येकाने पुढच्याच्या शेपटीचं मूळ तोंडात धरलेलं. आगगाडीच जणू. मी केरसुणी उचलली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "लेकुरवाळी आहे."

चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण उंदराच्या कुळातली नाही. ती झुरळं-किडे खाते. अंगाला उग्र वास येतो म्हणून आपण तिला घाणेरडी ठरवतो. तिला नीट दिसतही नाही. नाक आणि मिशांच्या भरवशावर ती चालते. आणि पिल्लं तिच्या भरवशावर.

"कधी निघायचंय?" आईने अचानक विचारलं. "दोन दिवस काहीतरी गिळून बसली आहेस."

मी चतुराची गोष्ट सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली.

"मग ते परत येतात?"

"तेच नाही येत. इतकं आयुष्यच नसतं त्यांना. पुढच्या पिढ्या परततात."

"मग तुझी त्यांच्याशी कसली बरोबरी? तुला तर विमान आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टॉर्च बंद केला आणि फोनमध्ये पुढच्या वर्षीच्या गणपतीची तारीख शोधू लागले.