हिमालयापलीकडच्या घारी

पूर्व दिल्लीत मयूर विहारात आमच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडामागे एक लहानसे अंगण आहे. चार कुंड्या, कपड्यांची दोरी आणि एक खाट एवढ्यानेच ते भरून जाते. वरचा आकाशाचा चौकोन मात्र मोकळा आहे. आणि आश्विन लागला की सुटीच्या सकाळी मी त्या खाटेवर उताणा पडून असतो. शेजारच्या माताजी भिंतीवरून विचारतात, "वर काय हरवले आहे?" मी म्हणतो, "पाहुणे मोजतो आहे." त्या वर पाहतात आणि निराश होतात. "या तर चिली!"

माताजींना दोष देता येत नाही. दिल्लीत घार कोणत्या दिवशी नसते? मीही कित्येक वर्षे तिच्याकडे पाहिले नव्हते. परंतु ऑगस्टात ज्या चौकोनात आठ-दहा घारी दिसत, तेथेच ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात साठापर्यंत मोजून मी थकलो, तेव्हा विचार करणे भाग पडले.

सकाळी दहाच्या सुमारास जमीन तापते, ऊन हवा वर चढू लागते आणि तिच्या आधाराने घारी पंख न हलवता चकरा घेत वर जातात. त्या वेळी पंखांची खालची बाजू नीट न्याहाळावी. पंखाच्या टोकाकडील लांब पिसांच्या मुळाशी ठळक पांढुरका पट्टा, अंगाने थोडी थोराड आणि डोळ्यामागे कानाशी काळसर डाग, अशी घार दिसली तर ती बहुधा परदेशची समजावी. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की येथल्या घारींची पहिल्या वर्षाची पिलेही फिकट व ठिपकेदार असतात आणि त्यांनी मला अनेकदा फसविले आहे.

दिल्लीतच राहणाऱ्या घारीच्या शास्त्रीय नावात 'गोविंदा' हा शब्द आहे, आणि गंमत अशी, की ते नाव आपल्या दख्खनमधून आले! मुंबई लष्करातील अधिकारी साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची नोंद करताना ते दिले. पाहुणी घार तिची उत्तरेकडील बहीण. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील व ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा काही घारींच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे बसविली. २०२० साली प्रसिद्ध झालेली ती हकीकत वाचून मी थक्क झालो. कझाकस्तान, रशिया, चीन आणि मंगोलिया यांच्या सीमा जेथे जवळ येतात, त्या मुलखात यांची घरटी. तेथून दिल्लीचे अंतर ३३०० ते ४८०० किलोमीटर. ते चार आठवड्यांच्या आत तोडले जाते. वाटेत काराकोरम आडवा येतो. तो ओलांडताना काही घारी सहा हजार मीटरांहूनही उंच गेल्या, के-टू शिखराच्या शेजारून!

एवढा खटाटोप कशासाठी? तिकडे हिवाळ्यात भूमी गोठते, भक्ष्य दिसेनासे होते. इकडे गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर आहे. आमच्या घरापासून तो दूर नाही. वारा फिरला की ओळख पटते. ज्या ढिगाकडे आम्ही नाक दाबून पाहतो, त्याच्यावर हजारो घारी हिवाळा काढतात. जुन्या दिल्लीत तर पुण्यकर्म म्हणून मांसाचे तुकडे आकाशात उडवून घारींना चारण्याची चाल आहे.

पण या शहराच्या आकाशात धोकाही आहे. स्वातंत्र्यदिनाचे पतंग उतरतात, मांजा मात्र झाडांवर नि तारांवर लटकत राहतो. नायलॉनच्या मांजावर दिल्लीत २०१७ च्या जानेवारीत बंदी आली, त्याच वर्षी ती देशभर लागू झाली. तरी तो मिळतोच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक घार आमच्या अंगणातच पडली. पंखाला मांजाचे वेढे बसले होते. माताजींनी भिंतीवरून आपली जुनी ओढणी टाकली. तिच्यात गुंडाळून, बिस्किटांच्या खोक्यात घालून मी तिला पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे नेले. एवढा मोठा पक्षी, पण वजन जेमतेम किलोभर. तेथील गृहस्थांनी पंख हलकेच ताणला. पांढुरका पट्टा स्पष्ट दिसला. "ही इथली नाही," ते हिंदीत म्हणाले. काराकोरम ओलांडून आलेल्या त्या पंखाचा स्नायू हाडापर्यंत कापला गेला होता.

जखम भरली. वसंतात तिच्या सोबतिणी परतल्या, ती मात्र गच्चीवरच्या जाळीतच राहिली. यंदा नवे पाहुणे आल्यावर माताजींनी आपण होऊन विचारले, "आपली ती कशी आहे?" मी फोन केला. ती जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडते. चकरा घेत वर चढणे तिला अजून जमत नाही.