जीपऐवजी हत्यारं
१९८१च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर व्हाइट हाउसमधून बाहेर पडले ते निवडणूक हरून. सहकाऱ्यांचं निरोपादाखल जीप द्यायचं चाललं होतं. कार्टर यांनी त्याऐवजी सुतारकामाची हत्यारं मागून घेतली! प्लेन्स या आपल्या गावातल्या घराच्या गॅरेजचा मग कारखाना झाला.

नाद जुनाच. जॉर्जियातल्या शेतावर वाढलेल्या या माणसाने नौदलात असताना, हवाईच्या तळावर, फावल्या वेळात घरासाठी फर्निचर केलं होतं. अध्यक्षपदाच्या धबडग्यातही कॅम्प डेव्हिडला, अध्यक्षांच्या विश्रामस्थानी, गेलं की ते लाकूडकामाच्या खोलीत शिरत.

त्यांच्या कामातला सगळ्यांत गमतीचा भाग म्हणजे हिकरीच्या ओल्या लाकडाच्या खुर्च्या. आपल्याकडे सुतार आधी ‘लाकूड सुकलंय ना?’ विचारतो. इथे हिशेब उलटा. खुर्चीचे पाय ओलसर ठेवायचे, आडव्या दांड्या मात्र चांगल्या वाळवायच्या आणि पायांच्या भोकांत ठोकून बसवायच्या. पुढे पाय वाळताना आकसतात, दांडी हवेतला दमटपणा घेऊन किंचित फुगते, आणि सांधा खिळ्याशिवाय आवळला जातो. दिवसभर फायलींत डोकं घातलेल्या माणसाला हे भावणारच: इथे समितीची बैठक लागत नाही, दांडी बसते किंवा डुगडुगते.

शंभरावर वस्तू त्यांनी केल्या. त्यातल्या बऱ्याच त्यांच्या कार्टर सेंटर या संस्थेच्या मदतीसाठी लिलावात गेल्या, आणि घेणाऱ्यांनी त्यांना अस्सल राजकीय भाव दिला.