वैयावृत्त्य आणि रात्रपाळी

वैयावृत्त्य, म्हणजे ग्लान व थकलेल्या साधूंची सेवा, हे जैन आचारातील सहा आभ्यंतर तपांपैकी एक आहे. अतिदक्षता विभागाची कल्पनाही अशाच सेवेतून आकारास आली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. पुढे ते काम यंत्राकडे गेले. जागरण मात्र माणसाकडेच राहिले.

आज त्या जागरणाचा भार इन्चार्ज सिस्टरवर असतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला शक्यतो स्वतंत्र परिचारिका हवी. पण रात्रपाळीला दोघी कमी आल्या, तर कोणाला कोणत्या खाटेपाशी ठेवायचे, हे तिलाच ठरवावे लागते. पेढीवरचा रोजमेळ जुळला नाही, तर सकाळी पुन्हा तपासता येतो. शिरेतून गेलेली चुकीची मात्रा परत घेता येत नाही. म्हणून इन्सुलिन, पोटॅशियम यांसारखी औषधे दोघींनी पडताळूनच द्यायची, हा दंडक ती पहाटे चार वाजताही पाळून घेते. नवख्या परिचारिकेसमोर रुग्ण दगावला, तर तिला क्षणभर बसवून, पाणी देऊन, पुढच्या खाटेपाशी उभे करणे हेही तिचेच काम.

बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना फक्त बंद दार दिसते आणि भीतीपोटी आलेला राग परिचारिकेवर निघतो. उपाश्रयात साधुसेवेस तत्पर असणाऱ्या श्रावकाने त्या दाराशी आवाज खाली ठेवला, तर आत चाललेल्या सेवेला त्याचाही हातभार लागेल.