गाडीला झोप येत नाही

ग्वाल्हेरच्या हवेला मधलं काही ठाऊकच नाही. मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर जातो आणि थंडीत पहाटे 4-5 अंशांवर येऊन बसतो. पणजीत वीस अंश झाले की कपाटातले स्वेटर शोधणारे आपण गोमंतकीय! तिथल्या डिसेंबरात माझी काय अवस्था होते ते विचारू नका. तरी जातो. एक तर तानसेन समारोह असतो, आणि दुसरं म्हणजे माझी थोरली बहीण लष्करात दिलेली आहे. (लष्कर म्हणजे फौज नव्हे हो. दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे पडली, त्या वस्तीचंच नाव पुढे लष्कर झालं. तिथल्या जुन्या वाड्यांतून आजही मराठी ऐकू येते, जरा हिंदीच्या वळणाची.)

भावोजींचा दगडाचा धंदा. ग्वाल्हेरचा हिरवट वालुकाश्म दूरदूर जातो, आणि तो चांगला गेला म्हणून पाच वर्षांपूर्वी दारात एक परदेशी एसयूव्ही आली. नाव सांगत नाही. एवढंच सांगतो की तिच्या किमतीत माझी उरलेली सगळी सरकारी नोकरी बसते. किल्ली खिशात असली की दार आपोआप उघडतं, खुर्ची बसणाऱ्याला ओळखते, डिकी पायाच्या इशाऱ्यावर उघडते.

गेल्या डिसेंबरात मी तिथे असताना एके दिवशी सकाळी साडेसातला निघायचं होतं. ताईच्या सासूबाईंचं, म्हणजे काकूंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वय 84. त्या शाल गुंडाळून, उपाशीपोटी, पायरीवर तयार. भावोजी गाडीजवळ गेले. दार उघडेना.

किल्लीच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली लपवलेली असते आणि दाराच्या मुठीत एका टोपणाखाली तिचं भोक असतं, हे पुस्तकात वाचून काढायला दहा मिनिटं गेली. दार उघडलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. स्टिअरिंगमध्ये बिघाड, ब्रेकमध्ये बिघाड, एअरबॅगमध्ये बिघाड, गिअरमध्ये बिघाड. बॅटरीचा दाब उतरला की आतले छोटे छोटे संगणक असे गोंधळतात म्हणे. आमच्या कचेरीत एका फाईलवर साहेबांची सही राहिली की सगळी टेबलं आपापली हरकत नोंदवतात, पण सही राहिलीय हे कुणीच लिहीत नाही. अगदी तसंच.

बरं, धक्का मारावा? गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे धक्क्याने इंजिन सुरू व्हायचं नाही. हातब्रेक विजेचा, त्यामुळे चाकं जागची हलायची नाहीत. बॅटरी डिकीच्या तळाखाली, आणि डिकी उघडते विजेवर! कंपनीच्या मदत क्रमांकावर एका गोड आवाजाने सांगितलं की गाडी उचलून दुसऱ्या शहरातल्या अधिकृत कार्यशाळेत न्यावी लागेल, आणि वाहन उद्या येईल. काकू पायरीवरून म्हणाल्या, "आमच्या यांच्या अम्बॅसडरला हँडल होतं. दोनदा फिरवलं की झालं. मीसुद्धा फिरवलंय."

शेवटी काकू ऑपरेशनला गेल्या त्या ई-रिक्षाने. मी मागे त्यांना धरून बसलो होतो. चालक विशीतला पोरगा. त्याच्या सीटखाली बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, जोडून अठ्ठेचाळीस. त्यांतली कुठली जुनी, कुठलीला पाणी जास्त लागतं, थंडीत किती किलोमीटर कमी पडतात, हे सगळं त्याला पाठ. रोज रात्री तो त्या स्वतः चार्जिंगला लावतो. आणि गंमत म्हणजे ही विद्याही तीच! शिसं आणि गंधकाम्ल. 1859 साली प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने काढलेली. दारातल्या राजेशाही गाडीतही तीच आणि या रिक्षातही तीच. फरक इतकाच की त्या पोराला आपली बॅटरी कुठे आहे ते माहीत होतं. भावोजींनी पाच वर्षांत ती पाहिली नव्हती, आणि त्यांनी ती पाहावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. दुपारी काकू झोपल्यावर ताईच्या मुलाने मिस्त्रीला आणलं. त्याने डिकीकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडून आतल्या एका लाल टोपणाखालच्या खुंटीला जंपरची लाल वायर लावली, काळी वायर बाजूच्या लोखंडी बोल्टला. दुसऱ्या गाडीची वीज मिळताच इंजिन सुरू झालं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो जाईना. म्हणाला, बॅटरी का उतरली ते कळल्याशिवाय परवा पुन्हा हेच.

मग त्याने गाडी कुलूपबंद करून, बॉनेट तेवढं उघडं ठेवून, वायरीभोवती चिमट्याचा मीटर अडकवला आणि बिडी ओढत पाऊण तास बसून राहिला. अशा गाड्या बंद केल्यावर लगेच बंद होत नाहीत. आतले संगणक एकेक करून झोपी जातात आणि मग विजेचा खर्च अँपिअरच्या पाच शतांशांच्या खाली यायला हवा. इथे काटा एक अँपिअरच्या आसपास अडला होता. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, गाड़ी को नींद नहीं आ रही."

मी कला शाखेचा माणूस, पण हा हिशेब मलाही जमला. तासाला एक, म्हणजे दिवसाला चोवीस. नव्वदची बॅटरी चार दिवसांत कोरडी! आणि भावोजींची गाडी चालते किती? घर ते दुकान, दोन किलोमीटर. तेवढ्यात सुरू करण्याचा खर्चसुद्धा भरून निघत नाही. झोप उडवणारं निघालं स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटात खोचलेलं एक यंत्र. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारं, ॲक्सेसरीच्या दुकानातून हौसेने बसवलेलं. ते काढल्यावर वीस मिनिटांत काटा खाली आला.

थंडीला दोष देणं सोपं, पण तो अर्धाच खरा. मिस्त्री म्हणाला, बॅटरीला मारतो उन्हाळा. तापलेल्या बॉडीत आतलं रसायन झिजत जातं आणि ते वर्षभर लक्षात येत नाही. थंडीत तेल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि बॅटरीची ताकद नेमकी तेव्हाच घटते. झीज तेव्हा उघडी पडते.

आपल्याकडे गोव्यात कडाक्याची थंडी नाही, पण तारवट्यांच्या आणि आखाती नोकरदारांच्या गाड्या गावात सहा-सहा महिने ताडपत्रीखाली असतात. दर रविवारी म्हातारे वडील गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करतात. त्याने बॅटरी भरत नाही, उलट थोडी उतरतेच. चवथीला मुलगा येतो तेव्हा गाडी मुकी. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर चार्जर लावा.

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर जयविलास राजवाडा पाहिला. जेवणाच्या लांब मेजावर रूळ, आणि त्यावरून पाहुण्यांना मद्य नि सिगार पोचवणारी ती प्रसिद्ध चांदीची आगगाडी. विजेवर चालणारी. सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते, असं सांगतात. श्रीमंतीचा थाटच तो, पण गाडी का थांबली हे मेजावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

नवी बॅटरी बसली. तरी काम संपेना. मिस्त्रीने लॅपटॉप जोडला. काही गाड्यांना बॅटरी बदलल्याचं कळवावं लागतं, नाहीतर जुनीच आहे समजून त्या तिला चुकीच्या मापाने भरत राहतात. म्हणजे चक्क हजर झाल्याचा रिपोर्ट! मला उगाचच बरं वाटलं.

भावोजींनी आता चार्जर घेतलाय. रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर निघते आणि अंगण ओलांडून बॉनेटखाली जाते. ताई फोनवर सांगत होती, काकूंना एका डोळ्याने आता लख्ख दिसतं, आणि संध्याकाळी अंगणात आल्या की त्या पहिल्यांदा विचारतात, "सलाईन लावलं का रे हिला?"