मेढ्याला जायचं, पण कोणासाठी?

गेल्या रमजानात सहरीच्या वेळी फोन वाजला. मेढ्याहून, शेजारच्या मावशींचा. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अब्बा म्हणतो, वुजूसाठी मोरीत गेले आणि घसरून पडले. मावशींच्या मुलाने त्यांना जीपमध्ये घालून आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून साताऱ्याला सिव्हिलला नेलं. मनगट मोडलं होतं, बाकी अल्लाहची मेहेरबानी. आम्ही कुर्ल्याहून निघून पोचेपर्यंत दुपार झाली. प्लास्टर घालून झालं होतं आणि मावशी अब्बांना दटावत होत्या, "आजचा रोजा राहू द्या, गोळ्या घ्या आधी."

परत येताना एसटीत मुलांचे अब्बू म्हणाले, "आपणच मेढ्याला येऊन राहू या का?"

घरी आल्यावर त्यांनी मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. ती वही सहा महिने आमच्या जेवणाच्या दस्तरखानाजवळ पडून होती.

आमच्याकडे वाहतूक नेहमी उलट्या दिशेची. जावळी तालुक्यातला माणूस पोटासाठी मुंबईला जायचा, सगळ्या जातीधर्मांचा. अब्बाही गेले. मस्जिद बंदरला आणि नंतर वाशीच्या बाजारात त्यांनी पाठीवर पोती वाहिली. १९६९ चा माथाडी कायदा आला म्हणून निदान फंड आणि हक्काची रजा मिळाली, हे ते आजही सांगतात. गावच्या दहा-बारा माणसांत मिळून एक खोली, आणि बायकामुलं मेढ्यात. माझे शौहर तिथेच मराठी शाळेत शिकले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुंबईकर गावी परतले, शाळांच्या वर्गांत चौदा-चौदा दिवस राहिले, आणि गाड्या सुरू झाल्यावर बहुतेक पुन्हा मुंबईला गेले. तेव्हा कायमचं परत येऊ या म्हणणारा माणूस आमच्या नात्यात पहिलाच.

डावी बाजू भराभर भरली. अकरा महिन्यांचा करार आणि दर वेळी वाढणारं भाडं सुटेल. नाव ऐकल्याबरोबर "खोली आत्ताच गेली" म्हणणारे दलाल सुटतील. मेढ्यात स्वतःचं कौलारू घर आहे, वेण्णा नदी आहे, लोकलची गर्दी नाही. आणि सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "अब्बा".

उजव्या बाजूला पहिली ओळ माझी होती, नोकरी. मी खासगी अनुदानित उर्दू हायस्कुलात सोळा वर्षं शिकवते. आमच्यासारख्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत बदली मागता येत नाही. तीन महिन्यांची नोटीस देऊन राजीनामा द्यायचा, एवढाच रस्ता. पुन्हा लागायचं तर अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि वयाची अट. माझं वय चव्वेचाळीस. ती अट नसती तरी नव्याने लागणाऱ्याला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात, आणि माध्यमिकला त्याचं मानधन २०२३ पासून महिना १८ हजार आहे. माझे दीर म्हणाले, "भाभी, नोव्हेंबर २००५ नंतर लागलात, तुम्हाला जुनी पेन्शन तरी कुठे आहे? सोडायला काय जातंय?" मी काही बोलले नाही. सोळा वर्षांत माझ्या हातून किती मुली दहावी झाल्या, हे पेन्शनच्या रकान्यात कुठे लिहिणार?

पण मला खरी काळजी वाटली ती मुलीची. ती तेव्हा आठवीतून नववीत जात होती, उर्दू माध्यमातून. मुलगा चौथीत, तो रुळेल. मुलीचं तसं नव्हतं. लोकांना वाटतं, मराठी तर येतेच तिला, मग अडचण काय? बोलायला येते, भाजी घ्यायला येते. पण तिचा त्रिकोण आजवर मुसल्लस होता, क्षेत्रफळ रक्बा होतं, समीकरण मुसावात होतं. प्रकाशसंश्लेषण तिने जियाई तालीफ या नावाने पाठ केलंय. एके रात्री मी तिच्यापुढे नववीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक ठेवलं. तिने अर्धं पान वाचलं आणि म्हणाली, "अम्मी, मला हे सगळं येतं, पण हे काय विचारतायत तेच कळत नाही." मी स्वतः दोन्ही भाषांत शिकवू शकते, म्हणून मला ठाऊक आहे की हा पूल बांधता येतो. पण त्याला वर्ष लागतं, आणि तिच्यापुढे दहावी होती.

अब्बूंना हे पटायला वेळ लागला. ते स्वतः मराठीतून शिकले, त्यामुळे त्यांना तो पूल दिसतच नव्हता.

त्यांच्या रोजीचा प्रश्न मला आधी सोपा वाटला होता. फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम कुठेही चालतं. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची गोष्ट आठवली. हिजरत करून मदिन्याला आल्यावर हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी त्यांना आपल्या मालमत्तेतला अर्धा वाटा देऊ केला. त्यांनी दुआ दिली आणि एवढंच विचारलं, बाजार कुठे आहे? मग तिथे पनीर आणि तुपाचा व्यापार सुरू केला. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घर बघायला न जाता बाजार बघायला गेलो. मेढ्यात एसी कोणाला हवा? पण केळघर घाट चढला की महाबळेश्वर, पुढे पाचगणी. हॉटेलांचे फ्रिज, आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीझर, गिझर. काम आहे, पण हंगामी. महाबळेश्वरात वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत हॉटेलं थंडावतात. शिवाय २०२१ च्या जुलैत साताऱ्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळल्या, त्या आठवणीने पावसाळ्यात घाटातून रोज जा-ये करायला माझं मन तयार होईना. अब्बूंनी हिशेब मांडला तो आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढण्याचा. जमतो, पण माझा पगार नसेल तर फारच ओढाताणीने.

दीनबद्दल आमची चर्चा झाली ती मशिदी मोजण्यापुरती. कुर्ल्यात चार अजान ऐकू येतात, मकतब दोन मिनिटांवर आहे. मेढ्यात मुलांना कुराण मलाच शिकवावं लागेल. पण सहरीच्या वेळी अब्बांसाठी धावणाऱ्या मावशी मेढ्यातल्याच, हेही मी विसरले नव्हते. आमच्या कुर्ल्याच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत कोण राहतं, ते मला आजही माहीत नाही.

मी इस्तिखारा केला. बायका विचारतात, स्वप्न पडलं का? नाही पडलं. पण ती दुआ अर्थासकट वाचताना पहिल्यांदा नीट लक्षात आलं की तिच्यात तीन गोष्टींची भलाई मागितली आहे, आपला दीन, आपली मआश म्हणजे रोजी, आणि त्या कामाचा अंजाम. वहीत मआश पानभर होती, दीन दोन ओळी. अंजाम कुठेच नव्हता. आणि वहीला बाजू दोनच होत्या, माणसं मात्र पाच. फायद्यातलं बरंचसं अब्बा आणि अब्बूंच्या वाट्याला येत होतं, आणि किंमत मुलगी आणि मी भरणार होतो. हे मी बोलले तेव्हा घरात थोडा वेळ कोणी बोललं नाही.

बकरी ईदला मेढ्याला गेलो, तेव्हा अब्बूंनी वही अब्बांपुढे ठेवली. त्यांना मराठी वाचता येतं, अडखळत. पहिल्याच ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ये मेरा नाम कायको लिखे?"

"तुम्ही एकटे आहात ना, अब्बा."

"मैं और कित्ते साल? मेरे बाद क्या करेंगे तुम यहाँ? पावसाळे में?" मग मनगट चोळत, जरा थांबून म्हणाले, "मेरे वास्ते नको आओ. तुमारे वास्ते आना हुआ तो आओ."

मशवरा आम्ही सगळ्यांशी केला होता, दीर, नणंद, माझी अम्मी, शाळेतल्या मैत्रिणी. अब्बांना कोणी विचारलंच नव्हतं.

ठरलं ते असं. पाऊस संपल्यावर अब्बू मेढ्याला गेले. घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं, हंगामाचे आठ महिने ते तिथे राहणार, पावसाळ्यात कुर्ल्यात. मुलीची दहावी होईपर्यंत मी आणि मुलं इथेच. त्यानंतर वही पुन्हा उघडायची, आणि त्या वेळी मुलगीही तिच्यात स्वतःच्या हाताने लिहील, ही तिची अट. राजीनामा मी लिहिलेला नाही. दोन घरांचा खर्च जड जातो, आणि रात्री दार लावताना एक माणूस कमी असतो. अब्बा मात्र फोनवर खुशीत असतात, लेकाला स्वतः चहा करून देतात म्हणे.

गेल्या गेल्या अब्बूंनी मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवली आणि फरशी खरबरीत करून घेतली. अर्ध्या दिवसाचं काम. ते रमजानातच करायला हवं होतं, पण आम्ही वहीत गुंतलो होतो.