केंब्रिजमधील दोन मित्र

१९१४ सालच्या एप्रिल महिन्यात श्रीनिवास रामानुजन मद्रासहून इंग्लंडला पोहोचले आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात राहू लागले. जवळच्याच किंग्ज महाविद्यालयात प्रशांतचंद्र महालनोबिस शिकत होते. एकाची मातृभाषा तमिळ, दुसऱ्याची बंगाली. एक कर्मठ शाकाहारी, स्वतः रांधून जेवणारे. दुसरे पाच वर्षांनी लहान, कलकत्त्याच्या ब्राह्मो घराण्यातले. तरीही दोघांचे सूर जुळले. रविवारी सकाळी ते दूरवर फिरायला जात. शून्य आणि अनंत या दोन कल्पनांवर रामानुजन तन्मयतेने बोलत, महालनोबिस ऐकत.

थंडीच्या दिवसांत महालनोबिस एकदा मित्राच्या खोलीवर गेले. रामानुजन विस्तवाशी बसले होते. रात्री ओव्हरकोट घालून, शाल गुंडाळून झोपतो, तरी थंडी जात नाही, असे ते म्हणाले. महालनोबिसांनी पलंग पाहिला. ब्लँकेटे होती; पण त्यांच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या होत्या आणि वर पलंगपोस होता. ती उलगडून आत शिरायचे असते, हे रामानुजन यांना ठाऊकच नव्हते! विचारणार तरी कोणाला? अशा गोष्टी प्राध्यापकांना विचारता येत नाहीत. महालनोबिसांनी ब्लँकेट उलगडून दाखवले.

त्याच वर्षअखेरीची दुसरी आठवण. महायुद्ध पेटले होते. ‘स्ट्रँड’ मासिकात एक कोडे आले होते. बेल्जियममधील लुव्हेन शहर जर्मन सैन्याने नुकतेच जाळले होते. कोडे तेथल्याच एका रस्त्याचे होते. रस्त्यावर १, २, ३ अशा क्रमाने घरे आहेत. त्यांतील एका घराच्या अलीकडील सर्व क्रमांकांची बेरीज पलीकडील क्रमांकांच्या बेरजेइतकीच भरते. घरे ५० हून अधिक, पण ५०० हून कमी. तर ते घर कोणते?

थोड्या खटपटीने महालनोबिसांना उत्तर सापडले होते : २८८ घरांपैकी २०४ वे. दोन्ही बाजूंची बेरीज २०,७०६. त्यांनी कोडे मित्राला वाचून दाखवले. रामानुजन भाजी परतत होते. परतता परताच त्यांनी उत्तर लिहून घ्यायला सांगितले. आणि ते एका रस्त्याचे नव्हते, अशा सगळ्याच रस्त्यांचे होते! अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, अशी ती न संपणारी साखळी होती.

या साखळीची गंमत कोणालाही पडताळून पाहता येईल. तिचे टप्पे असे : १/१, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९. अंश आणि छेद यांची बेरीज हा पुढचा छेद. त्यात जुना छेद पुन्हा मिळवला की पुढचा अंश. आता अंश-छेदांचा गुणाकार करावा, घराचा क्रमांक हाती येतो. ३ × २ म्हणजे ६ : आठ घरांतील सहावे. ७ × ५ म्हणजे ३५ : ४९ घरांतील पस्तिसावे. आणि १७ × १२ म्हणजे २०४.

रामानुजन १९१९ मध्ये मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. महालनोबिसांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभारली. १९७२ पर्यंत ते हयात होते. रामानुजन यांच्या चरित्रकारांना केंब्रिजमधल्या त्या खोलीत डोकावता येते, ते बऱ्याच अंशी त्यांनी सांगितलेल्या आठवणींमुळे.