उसना उजेड

आक्कांनी माझ्यासाठी दिवाळीआधीचं सारवण थांबवलं होतं. ज्यांच्या घरी मातीची भुई होती, त्यांनाच याचं मोल कळेल. वसुबारस तोंडावर आलेली, लेकी माहेरी यायच्या, आणि मधल्या घराची जमीन फिकी पडलेली, पोपडे धरलेली. शेजारणी दारातून डोकावून विचारायच्या. आक्का एवढंच सांगायच्या, ‘‘पोऱ्यानं चित्र चाली ऱ्हायनं.’’

माझ्या कॅनव्हासवर ती भुई वाळलेल्या रंगात लागली होती. ताजं सारवण हिरवट दिसतं आणि दारातला उजेड त्यावरून चकाकत पुढे जातो. थोड्या दिवसांनी तीच जमीन करडी-पिवळी होते आणि उजेड तिच्यात मुरतो. मध्येच सारवण झालं असतं तर खालची निम्मी चौकट बदलली असती, आणि तिच्याबरोबर वरच्या भिंतीही. मी आक्कांना यातलं काही समजावलं नव्हतं. रोज शेजारी बसून तांदूळ निवडता निवडता त्यांनी ते पाहून घेतलं होतं.

नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. नंदुरबार-प्रकाशा रस्त्यालगतचं गाव, तीन खणांचं धाब्याचं घर. त्यांच्या शेतातली ओली लाल मिरची माझे वडील गाडीत भरून नंदुरबारच्या बाजारात न्यायचे, तेवढीच ओळख. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मी एटीडीचा, म्हणजे कलाशिक्षक पदविकेचा, विद्यार्थी. वस्तुचित्रात बरे गुण मिळत, पण टेबलावर मांडलेली सुरई आणि मागे सोडलेला पडदा यांचा मला कंटाळा आला होता. ज्या जागी वस्तू रोज वापरल्या जातात, त्या जागीच त्या रंगवायच्या होत्या.

आमच्या सरांनी ते ऐकून घेतलं आणि कपाटातून आपल्या अर्ध्या वापरलेल्या ट्यूबा काढून दिल्या. येलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, थोडासा अ‍ॅलिझरिन क्रिमसन, पांढऱ्याची एक मोठी ट्यूब. तेलरंग तेव्हा आमच्या गावात मिळत नव्हते. सुरतेला जाणाऱ्या कुणाला तरी यादी द्यावी लागे. पॅसेंजरने आम्हाला मुंबईपेक्षा सुरतच जवळची. म्हणजे त्या ट्यूबा सरांनाही सहज मिळालेल्या नव्हत्या. देताना त्यांनी एकच अट घातली : ‘‘आधी घरच्या बाईला विचार, मग बैठक घे. घरधन्याने हो म्हटलं तरी ते पुरत नाही.’’

पुढे कळलं की ही अट चित्रकलेचीच आहे. तेलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही; ते हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं. अंबर लवकर वाळतो, काळा फार रेंगाळतो. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ ठेवायचा, वरचे थर तेलकट करत न्यायचे, नाहीतर पुढे तडे जातात. त्यात धाब्याच्या घरात हवा तसा उजेड दिवसातून जेमतेम तासभर टिकतो. जलरंगवाला सकाळी बसून दुपारी उठतो. तेलरंगाचं चित्र मात्र लांबच्या पाहुण्यासारखं घरात मुक्कामाला येतं. त्या मुक्कामाचा भार घरच्या बाईवर पडतो. कळशी तिथेच राहायला हवी, पाट हलायला नको, ओल्या रंगाजवळ पोरं आणि कोंबड्या फिरकायला नकोत. कापूस घरात येण्याचे दिवस, त्याचे तंतू रंगावर चिकटायचे. आक्का झाडण्याआधी पाणी शिंपडायच्या. संध्याकाळी कॅनव्हास तुळईला टांगायच्या, रंगाची बाजू भिंतीकडे करून. पऱ्हाट्यांचा धूर मला झोंबतो आणि राख रंगावर बसते हे दिसल्यावर त्यांनी चूलच बाहेर नेली. ‘‘तुन्हं काम व्हई जाऊ दे, मी पडवीमा चूल मांडसू.’’ घरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्या वाऱ्यावर करत होत्या आणि आत मी त्यांची विझलेली चूल रंगवत होतो.

एकदा त्यांनी पॅलेटकडे पाहून विचारलं, ‘‘अंधार काढाले इतला रंग लागस का रे?’’

लागतो. काजळलेल्या भिंतीत काळा रंग नसतो, ही घराच्या आतल्या चित्रांतली सगळ्यात अवघड गोष्ट. ट्यूबमधला काळा लावला की भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून पातळ, पारदर्शक थर द्यायचे, म्हणजे अंधाराला खोली येते. जाड रंग राखायचा तो उजेडासाठी. एवढं मी सरांकडून शिकून आलो होतो. तरीही माझी भिंत थंड, परक्या घरातली वाटत होती. आक्का म्हणाल्या, अंगणात मिरची पसरल्यावर हंडा बघ. बघितलं. ऊन मिरचीवर पडून दारातून आत येत होतं आणि पितळी हंड्याच्या पोटावर, उतरंडीच्या कडांवर, थेट चुलीमागच्या काजळीवर तांबूस झाक चढत होती. मी अ‍ॅलिझरिनचा कण त्या अंधारात मिसळला आणि भिंत घरची झाली. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या लोक उन्हात, लांबून पाहतात. त्यांचा रंग घरात कुठवर पोचतो हे वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला ठाऊक होतं. त्या चित्राचं ज्यांनी ज्यांनी कौतुक केलं, त्यांनी या तांबूस अंधाराचंच केलं. तो आक्कांचा आहे.

सरांकडे जुन्या चित्रकारांच्या छापील चित्रांची कात्रणं होती. त्यांत पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) होते. जे. जे. स्कूलमध्ये जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली शिकलेले, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्या तुकडीत वर्षानुवर्षं राबलेले आणि नंतर पारशी घरांतली माणसं रंगवणारे. पोपटाला भरवणारी त्यांची पारशी बाई पाहताना मला नेहमी वाटतं की लेण्यांतल्या मिणमिणत्या उजेडात इतकी वर्षं काढल्यामुळेच घरातल्या सावल्यांना ते घाबरत नसावेत. हा माझा समज; पुरावा नाही. दुसरे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५), गोव्यातल्या सांग्यात जन्मलेले, मुंबईत जे. जे.मध्ये शिकवणारे. त्यांनी बायको फ्लोरेंतीना आणि मुली यांना घरातल्याच उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं. पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत त्यांची चित्रं आहेत. ती पाहताना बाकी लोक त्वचेचा रंग, कापडाच्या चुण्या बघत होते. मला दिसत होती ती स्थिर बसलेली बाई. मुलं, स्वयंपाक, आलंगेलं सांभाळणाऱ्या बाईने हात मांडीवर ठेवून बसायचं, तेही त्याच खुर्चीत, त्याच वेळेला, रंग वाळेल तसं पुन्हा पुन्हा. कोपऱ्यातली सही त्रिंदादांची. मुलगी अँजेला पुढे स्वतः नामवंत चित्रकार झाली. त्या घरात रंगांना किती जागा करून दिली गेली असेल, याची ती साक्षच आहे. चित्रकलेच्या इतिहासात या जागा करून देणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नोकरी लागल्यावर सुट्ट्यांत मी तळोद्याकडे जाऊ लागलो. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्यांतल्या अनेक कुटुंबांना तळोदा भागातल्या सोमावल, रोझवा, नर्मदानगर अशा वसाहतींत आणून बसवलं. लोकांनी डोंगरातली घरं उतरवून सागाचे खांब, तुळया सोबत आणल्या होत्या. एका घरात मला आठवडाभर बसू दिलं. वयस्कर दादांनी खांबावरून हात फिरवत दाखवलं, हा गुरांकडचा, हा धान्याच्या कणगीजवळचा. नर्मदेकाठच्या त्या मोठ्या घरांत एका अंगाला गुरं असत, आणि बांबूच्या कुडांच्या फटींतून ऊन बारीक रेघांनी आत येई. इथे भिंत विटांची, उजेड फक्त खिडकीतून. दादा म्हणाले, खांब बघून काढ, उजेड मी सांगतो. आणि खरोखरच त्यांनी सांगितला : सकाळी रेघा कुठे असत, म्हशीच्या पाठीवर किती, कणगीवर केव्हा चढत. मी समोर नसलेला उजेड माणसाच्या बोलण्यावरून रंगवला. तो बरोबर आला की नाही हे सांगू शकणारे तेच एकटे होते. त्यांनी एक रेघ पुसून दोन बोटं खाली घ्यायला लावली. ते चित्र त्यांच्या घरी आहे आणि तिथेच राहील. विकत मागणारे आले तेव्हा मी त्यांना दादांचा होकार आणायला सांगितलं. नंतर कुणी आलं नाही.

आक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. धाबं उतरवून मुलाने स्लॅब टाकला. चित्र पूर्ण झालं तेव्हाच मी ते आक्कांना देऊ केलं होतं. त्या म्हणाल्या, चूल माझ्यापाशी आहे, चित्र तू ठेव. चूल गेल्यावर मी ते नेऊन दिलं. समोरच्या खोलीत लावलंय, आणि शाळेतून आलेली पतवंडं पाहुण्यांना त्यात पणजीची जागा दाखवतात.

गेल्या हिवाळ्यात आक्कांच्या नातसुनेने विचारलं, ‘‘काका, आमचं घर काय चित्रात घालण्यासारखं नाही का?’’ प्रश्न रास्त होता. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलची मांडणी, पांढरी फरशी. या फरशीत उजेड मुरत नाही, छताकडे परत उसळतो, त्यामुळे सावल्यांना बूडच सापडत नाही. हे मी कधी रंगवलेलं नाही आणि कुणाच्या चित्रात नीट पाहिलेलंही नाही. सध्या शनिवारी जाऊन बसतो. ओट्यावरचा मिक्सर माझ्या खिडकीच्या उजेडाआड येत होता, तो तिने न सांगता उचलून आतल्या खोलीत नेला आहे; मिरचीची चटणी तिथेच वाटते.